भोपळ्यातलं पाणी

९ एप्रिल १८६४, शनिवार

शत्रूचं पत्र आलं! खरंखुरं पत्र — पाकिटात घातलेलं, वर कर्नलसाहेबांचं नाव, अक्षर आमच्या पाद्रीबाबांपेक्षा चांगलं. इथल्या माओरींमध्ये मिशनच्या शाळेत शिकलेले पुष्कळ आहेत म्हणे. पत्र वरच्या वर राहायचं, पण कचेरीतल्या कारकुनाच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या छावणीला पाठ!

लिहिलंय — आम्ही टेकडीवर गढी बांधून बसलोय, तुम्ही येत का नाही? वाटेत दलदल आहे तिच्यावर फर्नच्या मोळ्या टाकून ठेवल्यात, तुमचे बूट भिजायला नकोत. पुढे नियम, खेळाचे असावेत तसे. जखमी शिपायाला आम्ही हात लावणार नाही. जो शिपाई बंदुकीचा दस्ता आमच्याकडे करील तो वाचला, त्याला मारणार नाही. तुम्हीही असंच वागाल अशी आशा आहे.

सार्जंट ऑडलीनं कँटीनमध्ये नाटक करून दाखवलं. बंदूक उलटी धरली, दस्ता पुढे, गुडघे दुमडले, आवाज बायकी — 'घ्या हो माओरीदादा, ही घ्या माझी बंदूक, मारू नका मला!' हसून हसून पोट दुखलं. मग माझ्याकडे वळला. 'क्विलिगन, नीट बघून ठेव. तुला लागणार आहे हे.' सगळे पुन्हा हसले.

मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं.

११ एप्रिल, सोमवार

या कंपनीत मला 'ससा' म्हणतात. गेल्या वर्षी जंगलातल्या चकमकीत मी नाल्यात आडवा झालो आणि गोळीबार थांबेपर्यंत उठलो नाही. त्याआधी पहाऱ्यावर झोपलो म्हणून पंचवीस फटके. वळ अजून आहेत, ससा मात्र रोज ताजा होतो.

फेलिम शॅनी तेवढा म्हणत नाही. माझ्याच गावचा, क्लेअरचा. लहानपणी त्याच्याच घरातले शेवटचे बटाटे आम्ही मिळून खाल्ले, नंतर खायला काही उरलंच नाही. त्याला लिहिता येत नाही, म्हणून त्याची आईला जाणारी पत्रं मी लिहितो. तो सांगतो, 'लिही की मी धडधाकट आहे आणि रोज माळ जपतो.' दोन्ही खोटं. मी लिहितो.

आज संगिनीची कवायत. ऑडली ओरडत होता, 'दस्ता वर दिसला की समजा डोक्यात बसणार! विचार करू नका, खुपसा!' पाऊस सकाळपासून. डुकराचं खारं मांस, बिस्किट, चहा. बिस्किटात किडे.

२५ एप्रिल, सोमवार

उद्या गढीवर हल्ला. आज दिवसभर तोफा. फेलिम म्हणतो, एवढ्या गोळ्यांनंतर वर उंदीरसुद्धा उरला नसेल. मेरीमाते, तसंच असू दे.

२८ एप्रिल, गुरुवार. दवाखान्याचा तंबू

घोटा सुजून भोपळ्याएवढा झालाय. मोडला नाही म्हणतात डॉक्टर.

कसं लिहू? उंदीर नव्हते वर. माणसं होती — जमिनीच्या आत, खणलेल्या बिळांमध्ये, वर ओंडके आणि माती टाकून बसलेली. आम्ही कुंपणातून आत शिरलो तेव्हा सगळं सामसूम. कुणीतरी 'हुर्रा' केलं. आणि पायाखालची जमीनच पेटली! खालून गोळ्या — पायात, पोटात, जांघेत. अधिकारी आधी पडले. मग कुणीतरी 'मागे फिरा' ओरडलं, आणि पलटण पळाली. आमची पलटण! मी डोळ्यांनी पाहिलं — बंदुका टाकून, एकमेकांना तुडवत, ऑडलीसुद्धा.

मी पळालो नाही.

माझी कंपनी पळाली आणि ससा आत राहिला. अख्खी छावणी हेच बोलतेय.

२९ एप्रिल, शुक्रवार

कर्नलसाहेब स्वतः आले. मी उठायला गेलो तर खांद्यावर हात ठेवून बसवलं. असा हात या पलटणीत माझ्या खांद्यावर कधी पडला नव्हता.

आमचे कॅप्टन लेथम परवा दुपारी गेले. पोटात गोळी होती. मरण्याआधी डॉक्टरांना म्हणाले, 'क्विलिगन रात्रभर माझ्याजवळ होता. त्यानं मला पाणी पाजलं.' खरं आहे. मीच पाजलं. डोकं मांडीवर घेऊन, घोटाघोटानं.

'पाणी कुठून आणलंस?' कर्नलसाहेब.

'खालच्या ओढ्यातून, साहेब.'

हेही खरं. पाणी ओढ्यातलंच होतं.

'आमच्याच तोफा त्या ओढ्यावर मारा करत होत्या! आणि मधे शत्रूचे तीन खंदक! तू गेलास आणि आलास?'

सुजलेल्या घोट्याकडे बघितलं. मग मान हलवली. एकदाच, खाली आणि वर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारा म्हातारा! शंभरावर माणसं गेली, पलटणीची लाज गेली, आणि त्यांना काहीतरी हवं होतं.

फेलिम रात्रीचा चहा घेऊन आला. म्हणाला, 'पलटण पळाली, डर्मट. आता कुणीतरी न पळालेला लागणारच त्यांना. तूच मिळालास! नशीब लेका तुझं!'

३ मे, मंगळवार

कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो. पाद्रीबाबांना सांगितलं तर पाप धुतलं जाईल, पण ते माझ्या तोंडाकडे बघतील ना पुढच्या रविवारी. वहीला तोंड नाही.

मी पळालो नाही कारण मला पळता आलं नाही. छताचा ओंडका कोसळला आणि माझा पाय खाली सापडला. पाय मोकळा असता तर सगळ्यांच्या पुढे असतो, ऑडलीच्याही. कॅप्टनसाहेब त्याच खंदकात दोन हात अंतरावर पडलेले, पोट धरून. आणि अंधूक उजेडात बिळातून एक म्हातारा बाहेर आला. गालांवर, हनुवटीवर हिरवं गोंदण. डावा कान अर्धाच. हातात दोन नळ्यांची बंदूक, माझ्या छातीवर.

माझ्या बंदुकीत गोळी होती. संगीन लावलेली होती. तो चार पावलांवर होता. देवाशपथ, बार टाकता आला असता.

मी बंदूक उलटी केली. दस्ता त्याच्याकडे.

कँटीनमध्ये ऑडलीनं करून दाखवलं होतं तसंच्या तसं! गुडघे तेवढे दुमडता आले नाहीत.

म्हातारा बघत राहिला, मग हसला. पुढचे दोन दात नव्हते. आणि इंग्रजीत म्हणाला — खलाशांच्या इंग्रजीत, शिव्यांसकट — 'अरे, वाचता येतं वाटतं तुम्हा लोकांना! आम्हाला वाटलं पत्र गेलं चुलीत.' देवमाशांच्या जहाजावर अकरा वर्षं होता म्हणे. नाव पाओरा. माझं विचारलं. 'डर्मट? आमच्या जहाजावर एक डर्मट होता, लिमरिकचा. पक्का चोर!'

कॅप्टनसाहेब 'पाणी, पाणी' करत होते. पाओरानं दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा उठला. भोपळ्याचं एक भांडं घेतलं — आपल्याकडे दूध ठेवायला मडकं असतं तसं त्यांच्यात भोपळा — आणि कुंपणातून सरपटत बाहेर गेला. आमच्या तोफा ओढ्यावर धडधडत होत्या. मला वाटलं, गेला. बऱ्याच वेळानं आला. पोटरीतून रक्त, भोपळा काठोकाठ. 'तुमच्या तोफखान्याला नेम नाही, भडव्यांनो,' म्हणाला, 'एवढ्या जवळून चुकले!' आणि भोपळा माझ्या हातात दिला. मी साहेबांना पाजलं. मग मी प्यालो. मग तो.

उजाडायच्या आधी त्यांनी गढी सोडली. जाता जाता त्यानं आणि आणखी एकानं ओंडका उचलून माझा पाय मोकळा केला. मी त्याच्यापुढे बंदूक केली, युद्धात हरलेल्याची बंदूक जिंकणाऱ्याची असते म्हणून. त्यानं घेतली नाही. 'ठेव तुझ्याजवळ. रिकाम्या हातानं सापडलास तर तुझेच लोक तुला मारतील.' दोन पावलं गेला, परत वळला. 'ए डर्मट! उद्या पाळी माझी आली तर मी करीन हो दस्ता तुझ्याकडे. मग पाणी तू आण.'

'आणीन,' म्हणालो. आईची शपथ घेऊन म्हणालो. त्या वेळी मनापासून म्हणालो.

८ मे, रविवार

भोपळा छावणीभर फिरतोय. जनरलसाहेबांनीही हातात घेऊन पाहिला. 'शत्रूच्या भांड्यात शत्रूच्या नाकाखालून!' कागद वर गेलाय. राणीसरकारचा शौर्याचा क्रॉस! मला!

ऑडली बिछान्याशी येऊन उभा राहिला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

'क्विलिगन, त्या सुजक्या पायानं ओढ्यापर्यंत गेलास?'

'पाय येताना दुखावला, सार्जंट.'

'असं!' म्हणाला. थोडा वेळ घोट्याकडे बघत राहिला. 'बंदुकीत गोळी तशीच होती तुझ्या. मीच रिकामी केली.'

'गोळीचा आवाज झाला असता.'

बघा! किती पटकन सुचतं. मान हलवायला जड गेलं होतं, आता जीभ आपोआप चालते. पहिली मान हलवली नसती तर? शत्रूपुढे हत्यार खाली ठेवलं — कोर्ट मार्शल. पुन्हा पाठ उघडी करून फटक्यांच्या तिकाटण्याला बांधलं असतं, सगळ्या पलटणीसमोर. आणि या खेपेला कर्नलसाहेब मोजत उभे राहिले असते.

१४ मे, शनिवार

आज तीन जणांनी मला 'डर्मट' अशी हाक मारली. एकानं तंबाखू दिली.

२० मे, शुक्रवार

दोन कैदी आणले. बातमी कानावर आली आणि हातातला चहा सांडला. लंगडत बघायला गेलो. दोघेही तरुण, कान शाबूत. सगळे म्हणाले, बघा क्विलिगनला, शत्रूबद्दल केवढी आस्था!

चोराच्या मनात चांदणं. तो सापडला तर? पहारेकऱ्यांशी गप्पा मारत बसेल, त्याचं तोंड कुठं गप्प बसतं! 'तुमच्यात एक डर्मट आहे ना, बंदूक उलटी केलेला?' हसत हसत सांगेल. त्यात वाईट काही आहे हे त्याला कळणारही नाही. त्यांच्या पत्रात लिहिलं होतं, मी तसं वागलो, त्याच्या दृष्टीनं मी शहाणा माणूस!

साक्षीदार दोनच होते. कॅप्टनसाहेब गेले. आता तो एकटा.

मेला असेल तर बरं.

हे मी लिहिलं. खोडणार नाही. ज्यानं पाणी पाजलं त्याचं मरण चिंततोय. माझी जीभ झडो.

२ जून, गुरुवार

लान्स कॉर्पोरल झालो. फेलिमनं दंडावरची फीत शिवून दिली. 'आता तुला सलाम ठोकायचा का रे?' म्हणाला. आईला अजून पत्र लिहिलं नाही. फेलिमच्या पत्रात त्यानं मात्र दोन ओळी घालायला लावल्या — 'क्विलिगनबाईंना सांग, त्यांच्या पोरानं मरणाऱ्या कॅप्टनला पाणी पाजलं, घराण्याचं नाव काढलं.' मी माझ्याच हातानं लिहिल्या.

१२ जून, रविवार

घोटा बरा. फिरतीच्या तुकडीत नाव लागलं. माओरी नव्या टेकडीवर खणायला लागलेत. म्हणजे पुन्हा गढी, पुन्हा बिळं. कर्नलसाहेब म्हणाले, या खेपेला त्यांना खणू द्यायचं नाही.

पाओरा लांब कुठे उत्तरेला गेला असेल. म्हातारा माणूस. पोटरीची जखम.

१६ जून, गुरुवार

संपलं. जिंकलो. उद्या लिहीन.

१७ जून, शुक्रवार

त्यांचा खंदक कमरेएवढाच झाला होता. कुंपण नाही, बिळं नाहीत. फावडी तशीच पडलेली. सकाळी अचानक पोहोचलो, ते कणसं भाजत बसले होते. दोन तास बंदुका चालल्या, मग बिगुल वाजला आणि आम्ही संगिनी लावून धावलो. आमची पलटण ओरडत धावली, 'गढी आठवा!' गढीची लाज सगळ्यांना धुऊन काढायची होती. मीही ओरडलो.

ते पळाले नाहीत. कमरेएवढ्या खड्ड्यात उभे राहून लढले, बंदुकीच्या नळीनं, फावड्यांनी. मी खंदकात उडी टाकली. पुढून एक म्हातारा आला, उंच. बंदूक उलटी उगारून डोक्यात घालायला आला. मी संगीन खुपसली. कवायतीत शिकवलंय तसं — खुपसायची, वळवायची, पाय लावून ओढायची. मागून ऑडली आला, त्यानं सगळं पाहिलं.

पाओरा कुठे दिसला नाही.

१८ जून, शनिवार

आमच्या कंपनीला पुरायचं काम. शंभरावर प्रेतं. त्यांनी खणलेल्या खंदकातच त्यांना ठेवलं, वरून माती ढकलली. त्यांचंच खोदकाम कामी आलं. पाऊस नव्हता. मला डोळ्यांत माती गेल्याचं निमित्त करून बाजूला बसावं लागलं.

संध्याकाळी फेलिम आला. शेकोटीपाशी बसला, बूट खरवडत.

'तू मारलास तो म्हातारा, मीच पायांकडून उचलला.'

'बरं.'

'त्याची बंदूक पाहिलीस?'

'नाही.'

'दोन नळ्यांची. दोन्ही भरलेल्या, डर्मट. मी स्वतः रिकाम्या केल्या. भरलेली बंदूक हातात असताना माणूस दस्ता कशाला उगारील रे? बार नाही का टाकणार?'

'घाबरला असेल! मला काय विचारतोस? तू होतास तिथं? का पळत होतास, गढीवरून पळालास तसा?'

असं मी फेलिमला म्हणालो. बटाटे वाटून खाल्लेल्या फेलिमला. बूट खरवडून झाले, तसा तो उठला आणि गेला.

२५ जून, शनिवार

ऑडलीनं साक्ष लिहून दिली! त्याच्या शब्दांत — 'कॉर्पोरल क्विलिगन खंदकात सर्वांत आधी उतरला. शत्रूच्या एका धिप्पाड सरदारानं त्याच्यावर बंदुकीच्या दस्त्यानं प्रहार केला असता त्यानं क्षणाचाही विलंब न लावता त्यास संगिनीनं ठार केलं.' आधीच्या कागदाला हा जोडला जाणार. कारकुनानं मला वाचून दाखवला.

वर ऑडलीनं स्वतः येऊन हात पुढे केला. 'मी तुझ्यावर संशय घेतला, क्विलिगन. घोट्यावरून, गोळीवरून. त्या दिवशी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर अजून घेतला असता. माणसाला ओळखायला चुकलो. माफ कर.' चौदा वर्षं नोकरी झालेला माणूस, डोळे खाली घालून बोलत होता. खोटा नव्हता. त्यानं पाहिलं तेच तो सांगतोय. उलटी बंदूक दिसली की मार बसणार, हे त्यानंच तर आम्हाला शिकवलं. आणि त्या पत्राचं नाटकही त्यानंच केलं होतं. पण ते त्याला आठवत नाही. छावणीत कुणालाच आठवत नाही.

हात मिळवला.

१० जुलै, रविवार

फेलिम पत्र लिहून घ्यायला आला नाही. पाद्रीबाबांच्या कारकुनाकडे गेला म्हणे. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

११ जुलै, सोमवार

भाकरी भाजायच्या भट्टीपाशी त्याला गाठलं. 'का रे, माझ्या अक्षराला काय झालं?'

'अक्षर चांगलंय तुझं,' म्हणाला. 'पण माझ्या आईला आता खरं काहीतरी लिहावं म्हणतो.'

३ ऑगस्ट, बुधवार

पाऊस. भोपळा पिशवीत बाळगतोय अजून. वाळून टणक झालाय, आत हलवलं तर दोन बिया वाजतात. लोक मागतात बघायला. एका बाईनं, आमच्या कँटीनवाल्याच्या बायकोनं, त्याला ओठ लावले, पवित्र तीर्थ असावं तसे.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

भोपळा समुद्रात टाकला. बुडेना! तरंगत राहिला, लाटेबरोबर परत परत पायाशी येत राहिला. शेवटी दगडानं फोडला. छावणीत सांगितलं, चोरीला गेला.

४ ऑक्टोबर, मंगळवार

फेलिमला ताप आणि हगवण. दवाखान्यात गेलो. पाणी पाजू का विचारलं. त्यानं तोंड पलीकडे केलं. आजाऱ्याला काय कळतंय, कोण आलंय ते.

९ ऑक्टोबर, रविवार

फेलिम शॅनी गेला. त्याच्या आईला पत्र मीच लिहिलं. धडधाकट होता, शेवटपर्यंत माळ जपत होता. एवढं तरी.

१४ जानेवारी १८६५, शनिवार. ऑकलंड

मिळाला.

बँड, झेंडे, पांढऱ्या छत्र्या घेतलेल्या बायका. उन्हात दोन तास उभे. जनरलसाहेबांनी स्वतःच्या हातानं छातीवर क्रॉस लावला. हलका आहे. तांबूस, काळपट — चकाकत नाही. मला वाटलं होतं चकाकेल. कागद वाचून दाखवला, मोठ्या आवाजात, आधी पाण्याचं, मग खंदकाचं. मी समोरच्या घोड्याच्या कानाकडे बघत उभा. टाळ्या. शाळेच्या पोरींनी फुलं दिली. एका पोरीनं विचारलं, 'तुम्हाला भीती नाही वाटली?' म्हणालो, 'वेळच नव्हता.' सगळे हसले. ऑडली सगळ्यांत मोठ्यानं.

जेवायला भाजलेलं डुक्कर, रताळी, हवी तेवढी बिअर. प्यालो नाही. कुणी म्हणालं, बघा, नम्र माणूस!

आईचं पत्र आजच हाती पडलं. गावच्या मास्तरांनी लिहिलंय. फेलिमच्या दोन ओळी तिला पोहोचल्या. तिनं चर्चमध्ये मेणबत्ती लावली, आणि त्या कॅप्टनसाठीही एक — माझ्या डर्मटच्या हातचं पाणी पिऊन गेले म्हणून.

१५ जानेवारी, रविवार

चर्चमधला मास चुकवला. लिहून टाकतो आणि वही मिटतो.

खंदकात मी मारला तो पाओरा होता. त्यानं बंदूक उगारली नव्हती. दोन्ही हातांवर आडवी धरली होती, दस्ता माझ्याकडे. मी ओळखलं त्याला. अर्धा कान, पडके दात. त्यानंही ओळखलं, म्हणून तर गोळी असून झाडली नाही. 'डर्मट! लेका,' म्हणाला, 'आता पाणी आण!' हसत होता.

आणि माझ्या मागून ऑडलीचे बूट वाजत जवळ येत होते.